झाकण्याआधीची भिंत

भिंतीच्या आयुष्यात एक दिवस असा असतो की ती आतून दिसते. सांगाडा उभा असतो, वायरींचे पाइप ओढून झालेले असतात, पाण्याच्या लाइनला प्रेशर देऊन झालेलं असतं, चॅनेलच्या कप्प्यांमध्ये रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची उष्णतारोधक गादी, भरलेलं असतं आणि बोर्ड लागायचे बाकी असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड चढतात. मग सांध्यांवर पट्टी, पुट्टी, घासकाम, रंग. त्यानंतर पन्नास-साठ वर्षं त्या भिंतीच्या पोटात काय आहे हे कुणी बघत नाही. माझी नोकरी त्या एका दिवसाची आहे.

मी इमारतींची ऊर्जा संहितेनुसार तपासणी करते. एनर्जी कोड इन्स्पेक्टर. हे सांगितलं की समोरच्याला वाटतं, विजेच्या मीटरचं काहीतरी असणार. मग मी सांगते, की इमारतीत उष्णता कुठून शिरते, कुठून निसटते, हवा कुठून गळते, दिवे आणि यंत्रं गरजेपेक्षा जास्त वीज खातात का, हे बांधकाम चालू असताना जाऊन बघायचं आणि नियमात बसत नसेल तर काम थांबवायचं. ‘थांबवायचं’ हा शब्द आला की ऐकणाऱ्याचा चेहरा थोडा बदलतो. साइटवर तर बदलतोच.

साइटवर माझ्यासारखे आणखीही येतात. सळया मोजणारे येतात, आगीच्या नियमांवाले येतात. त्यांच्या कामात कसूर झाली तर जीव जातो, हे कुणालाही सांगावं लागत नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन असतं. माझ्याकडून काही सुटलं तर इमारत पडत नाही. एखादी खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, थंडीत गारठते, एसी किंवा हीटर दोन तास जास्त चालतो आणि तिथे राहणारा माणूस म्हणतो, “ही खोली अशीच आहे.” हे वाक्य मी इतक्या घरांमध्ये ऐकलंय, की आता ते कानावर पडलं तरी पोटात कालवतं. कुठलीच खोली आपणहून ‘अशीच’ नसते. कुणीतरी त्या भिंतीत वूल कोंबून भरलेलं असतं, कुणीतरी काच उलटी बसवलेली असते, कुणीतरी पाइपभोवतीचं भोक तसंच सोडून बोर्ड लावलेला असतो. आणि माझ्यासारखं कुणीतरी त्या दिवशी तिथे गेलेलं नसतं, किंवा जाऊनही नीट वाकून बघितलेलं नसतं.

नव्याने कामाला लागलेली मुलं विचारतात, हे नियम आले कुठून? मी त्यांना १९७३ पासून सांगायला घेते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले आणि एकदम सगळ्यांच्या ध्यानात आलं, की आपण इमारती बांधल्यात त्या इंधन कधी संपणारच नाही अशा हिशेबाने. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ‘अॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने नव्या इमारतींच्या ऊर्जा वापरासाठी ‘९०-७५’ हे मानक काढलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्वतःचे नियम लागू केले. भारतात २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ‘ईसीबीसी’ संहिता आली आणि घरांसाठी ‘इको निवास संहिता’ यायला २०१८ उजाडलं. देश बदलला की आकडे बदलतात, हवामानाप्रमाणे कलमं बदलतात, पण बघायच्या गोष्टी त्याच राहतात: छप्पर, भिंत, काच, फट, यंत्र, दिवा.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. न्यू जर्सीत ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. तिथली घरं प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात अगदी बारकाईने मोजली. पोटमाळ्यावर इन्सुलेशन अंथरलेलं होतं. कागदावरच्या हिशेबाने वरून जाणारी उष्णता बेताचीच असायला हवी होती, आणि मोजमापात ती कितीतरी पट जास्त निघाली. शोधता शोधता सापडल्या त्या छुप्या वाटा. भिंतींमधल्या पोकळ्या आणि पाइपांसाठी सोडलेल्या जागा खालपासून थेट पोटमाळ्यापर्यंत उघड्या होत्या, आणि घरातली ऊबदार हवा इन्सुलेशनला वळसा घालून वर निघून जात होती. इन्सुलेशन आपल्या जागी होतं, नकाशातही होतं. हवेला नकाशा वाचता येत नाही. ती भोक शोधते.

माझ्या पिशवीतली सगळ्यात साधी वस्तू म्हणजे लायटर. दुहेरी काचेच्या खिडकीपुढे ज्योत धरली, की काचेत चार ज्योती दिसतात. दोन काचा, प्रत्येकीचे दोन पृष्ठभाग, म्हणून चार प्रतिबिंबं, एकामागे एक उभी. त्यातल्या एका पृष्ठभागावर डोळ्याला एरवी न दिसणारा, उष्णता परतवणारा लेप असेल, तर त्या पृष्ठभागातली ज्योत बाकी तिघींपेक्षा वेगळ्या रंगाची दिसते, किंचित जांभळट किंवा तांबूस. लेप कुठल्या पृष्ठभागावर आहे हे महत्त्वाचं. पृष्ठभाग बाहेरून मोजतात. ऊन अडवायचं असेल तर लेप दुसऱ्या पृष्ठभागावर हवा, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. खोलीत उभं राहून आतून ज्योत धरली तर आपल्याकडून तिसरी ज्योत वेगळी दिसायला पाहिजे.

एका कार्यालयाच्या इमारतीत पश्चिमेच्या दर्शनी भागाला मी अशीच ज्योत धरली. वेगळ्या रंगाची ज्योत तिसरी यायच्या ऐवजी दुसरी आली. मला वाटलं, कोन चुकला. पुन्हा धरली. शेजारच्या काचेत तिसरी, त्याच्या शेजारी तिसरी, मग परत दुसरी. काचा बसवणारा मुलगा माझ्या मागे उभा होता, विशीतला असेल. खोक्यावर बाण छापलेला होता, पण खोकं उघडून काचा भिंतीला टेकवून ठेवल्या की त्यांना पुढचं मागचं राहत नाही. त्या मजल्यावर चौदा काचा उलट्या निघाल्या. उलटी काचही थंडी-उष्णता तेवढीच अडवते, म्हणून वरवर कुणाला फरक कळत नाही. पण ऊन आधी आतल्या काचेपर्यंत पोहोचतं, तिथे मुरतं, आणि ती तापलेली काच खोलीच्या बाजूला असते. त्या काचांशेजारी बसणाऱ्या माणसांनी पुढची वीस वर्षं दुपारी पडदा ओढून दिवा लावला असता. पडदा ओढून दिवा लावायचा, म्हणजे एका चुकीपायी दोनदा वीज घालवायची.

मी त्या मुलाच्या हातात लायटर दिला. त्याने एक काच तपासली, दुसरी तपासली आणि हळूच म्हणाला, “मॅडम, हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं.” त्याचं खरं होतं. त्याला माल मिळाला, मापं मिळाली आणि तारीख मिळाली. लेप म्हणजे काय, तो कशासाठी, हे त्याच्यापर्यंत आलंच नाही. चौदाही काचा काढून पुन्हा बसवाव्या लागल्या, ठेकेदाराचे पाच दिवस गेले आणि त्याने तो राग माझ्यावर काढला. मला त्याचा राग समजत होता. तरी मी सही केली नाही.

वूलचंही तसंच. वूल उष्णता अडवतं असं आपण म्हणतो, पण खरं काम करते ती त्यातली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. काँक्रीटमधून जितकी जाते त्याच्या साठाव्या हिश्श्याच्या आसपास. मात्र हवेला स्थिर बसवणं अवघड. मोकळ्या पोकळीत ती गरम बाजूने वर चढते, थंड बाजूने खाली येते आणि उष्णता इकडून तिकडे वाहून नेते. वूलचे तंतू तिला जागच्या जागी धरून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. म्हणून वूल फुललेलं असावं लागतं. शंभर मिलिमीटरचं वूल साठच्या जागेत कोंबलं, की कोंबणाऱ्याला वाटतं आपण माल जास्त घातला, भिंत आणखी चांगली झाली. जाडी गेली तशी हवाही गेली, आणि भिंतीचा रोध उतरला. ओलं झालं तर त्याहून वाईट, कारण पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटीहून वेगाने जाते.

आणि फटी. ठेकेदार म्हणतात, “मॅडम, शंभरातली पाच टक्के जागा राहिली असेल, त्यात काय!” मी वहीच्या मागच्या पानावर त्यांच्यासमोर हिशेब मांडते. चांगल्या भरलेल्या भिंतीचा यू-व्हॅल्यू ०.३ धरा, म्हणजे एक चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला ०.३ वॅट उष्णता जाते. रिकाम्या राहिलेल्या तुकड्याचा २ धरा. शंभर चौरस मीटर भिंत पूर्ण भरली तर ३० वॅट. पाच चौरस मीटर राहिली, तर पंचाण्णवातून २८.५ आणि पाचातून १०, एकूण ३८.५. पाच टक्के जागा सोडली आणि गळती अठ्ठावीस टक्क्यांनी वाढली. हा हिशेब मी अनेकांना लिहून दिलाय. दोघा-तिघांनी ते पान फाडून खिशात घातलं, त्याचं मला फार बरं वाटलं.

वूल भरणाऱ्यांमध्ये एक मिस्त्री होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांच्या भिंतीत प्रत्येक वायरीमागे वूल दबलेलं दिसलं. वायर कप्प्याच्या मधून जाते, वूलची गादी वरून तशीच दाबून बसवली की वायरीमागे एक उभी पोकळी राहते आणि पुढे वूल चेपतं. मी त्यांना म्हटलं, “मिस्त्री, गादी मधून सोला. अर्धी वायरीच्या मागे, अर्धी पुढे.” ते म्हणाले, “बोर्ड लागल्यावर कोण बघणार?” मी म्हटलं, “उद्यापासून कुणीच बघणार नाही.” ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग एक गादी खाली काढली, जाडीच्या मध्यावर बोटं घातली आणि कणसाची पानं सोलावीत तशी सावकाश सोलली. कातर लावली नाही. वायर मधोमध आली, दोन्ही अर्धं पुन्हा मिटली, हात फिरवला तर वायर कुठे आहे हे कळेना. स्विचच्या डब्यामागे त्यांनी डब्याच्या मापाचा चौकोन कापला आणि तोच तुकडा डब्याच्या मागच्या बाजूला सरकवला. हे मी सांगितलं नव्हतं. प्रत्येक कप्पा पूर्ण झाला की चॅनेलवर पेन्सिलने आकडा टाकायची त्यांची सवय होती. दिवसाची मजुरी कप्प्यांवर असायची. त्या दिवशी भरलेले कप्पे त्यांनी उपसून पुन्हा भरले आणि आकडे पहिल्यापासून टाकले. उपसलेल्या कप्प्यांची मजुरी त्यांना कुणी दिली असेल असं मला वाटत नाही. याची सल मला आहे. नियम कागदावर इमारतीच्या मालकाला लागू होतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा सगळ्यात शेवटच्या हाताला मोजावी लागते. मी आता वूलचं काम सुरू व्हायच्या आधी एक कप्पा स्वतः उभी राहून भरून घेते, म्हणजे उपसायची वेळ येत नाही.

दिवे, मोटारी, पंप यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे बरंचसं काम कागद आणि लेबल बघून होतं: चौरस मीटरमागे दिव्यांचे किती वॅट, मोटारीची कार्यक्षमता किती, पाइपांवर आवरण आहे का. एकच सांगते. माणूस नसताना दिवा बंद करणारे सेन्सर लावलेले असतात आणि कितीतरी वेळा ते अजून टेस्ट मोडवरच असतात. यंत्र बसवलं म्हणजे चालू झालं असं नसतं. त्याला काम शिकवून द्यावं लागतं आणि ते करताना कुणीतरी तिथे थांबावं लागतं.

कागदांवरून आठवलं. निविदांमध्ये आणि नकाशांच्या टिपांमध्ये एक शब्द असतो: ‘किंवा समकक्ष’. अमुक काच किंवा समकक्ष, तमुक बोर्ड किंवा समकक्ष. आर्किटेक्टने हिशेब एका काचेचा केलेला असतो, साइटवर दुसरीच येते, आणि मी विचारलं की उत्तर तयार असतं: “समकक्ष आहे.” कशाने समकक्ष? रंगाने, जाडीने की दिसायला? मला तीन आकडे हवे असतात: उष्णता किती वाहते, ऊन किती आत येतं, उजेड किती येतो. काचेच्या कोपऱ्यातलं लेबल काढून टाकायच्या आधी फोटो काढून ठेवा, असं मी प्रत्येक साइटवर पहिल्याच दिवशी सांगते. लेबल गेलं की काच अनाथ होते. ती कोण, कुठली, काय गुणांची, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

कामातला सगळ्यात जिवंत भाग म्हणजे हवाबंदपणाची चाचणी. मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून बसवायचा, त्यात मोठा पंखा. सगळ्या खिडक्या बंद, आतली दारं उघडी. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि आत-बाहेर ५० पास्कलचा फरक तयार करतो. ५० पास्कल म्हणजे फार नव्हे, पाण्याच्या पाच मिलिमीटर थराएवढा दाब. ताशी तेहतीसेक किलोमीटरचा वारा घराच्या चारी बाजूंनी एकदम दाबतोय असं समजा. तेवढा दाब टिकवायला पंख्याला तासाला किती हवा ओढावी लागते ते मोजायचं आणि घराच्या घनफळाने भागायचं. अनेक संहितांमध्ये हा आकडा ३ किंवा ५ च्या आत लागतो. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत उबदार राहणारं घर, उभं राहिलं; त्या मानकाची मर्यादा ०.६ आहे.

पंखा सुरू झाला की घर बोलायला लागतं. एरवी मुकी असलेली भिंत शिट्टी घालते. स्विचच्या भोकातून वारा येतो, पायाशी स्कर्टिंगच्या फटीतून गार हवेची पट्टी लागते, एखादं बंद दार हलकेच थरथरतं. एका दुमजली घराची मर्यादा ३ होती आणि पंखा ५.८ दाखवत होता. खिडक्या उत्तम होत्या, दारांची रबरं नवी होती. ठेकेदाराचा तरुण इंजिनियर हिरमुसला होता; त्याने या घरावर मनापासून मेहनत घेतली होती, ते दिसत होतं. मी धुराची कांडी घेऊन खोल्या फिरले. वरच्या बाथरूममध्ये, पाइपांच्या शाफ्टला लावलेल्या झाकणाशी धूर गेला आणि एखाद्याने फुंकर मारल्यासारखा माझ्या तोंडावर आला. झाकणाचे चार स्क्रू काढले. आत पाइप वर जात होता आणि त्याच्याभोवती छताला ताटाएवढं भोक, थेट पोटमाळ्यात उघडणारं. प्लंबरने पाइपासाठी छत फोडलं होतं. बुजवायचं काम कुणाचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं. प्लंबरला वाटलं गवंडी बुजवेल, गवंड्याला वाटलं प्लंबर. बोर्डाचा तुकडा कापला, पाइपाभोवती बसवला, कडेने फोम मारला, फोम वाळेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. पंखा पुन्हा लावला तर २.८. त्या मुलाने आकड्याकडे बघितलं, मग शाफ्टकडे, आणि काही न बोलता दुसऱ्या बाथरूमचं झाकण उघडायला गेला.

या चाचणीवर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये असं मला वाटतं. लोक म्हणतात, घर इतकं बंद केलं तर जीव गुदमरेल, घराला श्वास घ्यायला जागा हवी. हवी, नक्कीच हवी. पण फटीतून येणारी हवा कुठून येते ते बघा: शाफ्टमधून, पोटमाळ्याच्या धुळीतून, शेजारच्या गॅरेजमधून. वारा सुटला की गरजेपेक्षा जास्त, वारा पडला की काहीच नाही. ज्या रात्री खोलीत चार माणसं झोपलेली असतात त्या रात्री हवा नेमकी पडलेली असू शकते. म्हणून घर घट्ट करायचं आणि ताज्या हवेसाठी ठरवून वाट ठेवायची, पंख्याची, गाळणीची, मोजता येईल अशी. मी फक्त घट्टपणा तपासून आणि हवेची वाट न बघता सही केली तर ती अर्धीच तपासणी झाली. अशी अर्धी तपासणी होते, आणि त्या घरांमधल्या कोंदटपणाचं खापर मग संहितेवर फुटतं.

आता माझ्याच एका सहीबद्दल. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका साइटवर पोहोचायला मला दोन दिवस उशीर झाला आणि भिंती झाकून झाल्या होत्या. ठेकेदाराने फोटो दाखवले. स्वच्छ, क्रमाने काढलेले, प्रत्येक खोलीचे चार. वूल फुललेलं, कोपरे भरलेले. मी फोटोंवर सही केली. बोर्ड उतरवा म्हणायचा अधिकार मला होता. मला संकोच वाटला.

तीन हिवाळे गेल्यावर त्या इमारतीतून तक्रार आली आणि मला थर्मल कॅमेरा घेऊन पाठवलं. कोपऱ्यातली खोली, मुलीची. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला होता आणि कपाटामागे, छतापासून खाली गुडघ्याच्या उंचीपर्यंत बुरशीचा काळा पट्टा. खोलीत २० अंश, आर्द्रता ५० टक्के, म्हणजे अगदी निरोगी हवा. कॅमेऱ्यात मात्र तो कोपरा गडद निळा, पृष्ठभाग ११ अंश. अशा हवेत भिंत साधारण १२.६ अंशांच्या खाली गेली, की भिंतीला चिकटलेल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. भिंतीवर पाणी दिसायचीही गरज नसते.

त्या मुलीची आई दर आठवड्याला तो कोपरा पुसत होती. तिला बऱ्याच जणांनी सल्ले दिले होते: खिडक्या उघडत जा, कपडे आत वाळवू नका, स्वयंपाक करताना दार लावा. तिने सगळं करून बघितलं होतं. मी कॅमेरा बाजूला ठेवला तेव्हा तिने विचारलं, “आमचंच काही चुकतंय का हो?”

बोर्ड उतरवला. कोपऱ्यातल्या दोन कप्प्यांमध्ये वूल नव्हतंच. फोटो खोटे नव्हते. फोटो काढल्यानंतर इलेक्ट्रिशियनला एक पाइप सरकवावा लागला, त्याने वूल उपसून बाजूला ठेवलं, आणि पुन्हा भरायच्या आत बोर्डवाले आले. दोन दिवसांत एवढं घडलं, आणि त्या दोन दिवसांत मी तिथे नव्हते. मी तिला म्हटलं, “ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. ही भिंत रिकामी होती आणि ती भरलेली आहे अशी सही माझी आहे.” ती काही बोलली नाही. तिने त्या रिकाम्या कप्प्यात हात घातला आणि पलीकडच्या गार भिंतीला तळवा लावून बघितला.

त्यानंतर मी फोटोंवर सही केलेली नाही. बोर्ड उतरवायला सांगितलेत, नऊ वेळा. त्यातल्या पाच वेळा आत सगळं ठीक निघालं आणि ठेकेदाराने मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं. संहिता म्हणजे तसं बघितलं तर काठावर पास होण्याचे गुण. त्याच्या खाली इमारत बांधायला कायदा परवानगी देत नाही, एवढाच तिचा अर्थ. माझ्या मते बहुतेक इमारती याहून पुष्कळ चांगल्या होऊ शकतात आणि नियम अजून कडक हवेत. पण जो काठ ठरलाय त्याच्यापर्यंत तरी भिंत पोहोचलीय की नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. साइटवर मालक असतो, आर्किटेक्ट असतो, ठेकेदार, गवंडी, प्लंबर, सगळे असतात. राहणारा तेवढा नसतो. तो अजून कोण हेही ठरलेलं नसतं.

गेल्या वर्षी एका जुन्या साइटवर पुन्हा जायचा योग आला. दोन खोल्या एक करायच्या होत्या, त्यासाठी बाहेरच्या भिंतीला लागून थोडा भाग कापणार होते. नकाशे बघताना लक्षात आलं, ही इमारत मीच तपासलेली आहे, दहा-अकरा वर्षांपूर्वी. मी पोहोचले तेव्हा पहिला बोर्ड निघाला होता. वूल कप्प्यात काठोकाठ होतं, कुठे बसलेलं नाही, कुठे खाली घसरलेलं नाही. कापणारा मुलगा वायर शोधत होता, ती त्याला दिसेना. मी गादीच्या कडेला बोटं घातली आणि ती मधोमध उघडली. वायर आत होती, दोन्ही अर्ध्यांच्या बरोबर मध्ये. चॅनेलवर धूळ होती. अंगठ्याने पुसली तर खाली पेन्सिलीचा आकडा निघाला, १४.

“सगळंच उपसू का मॅडम?” मुलाने विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “तुला जेवढी जागा लागतेय तेवढंच काप. बाकीचं तसंच राहू दे.”